गाडी चार, दोन कर!

आमच्या वन्संसमोर दोन माणसांनी एकदम बोललेलं चालत नाही. घरात नाही, पाहुण्यांत नाही, कुणी आजारी असलं तर त्याच्या उशाशीही नाही. हात वर करून म्हणतात, "एका वेळी एक!" त्यामुळे त्यांच्याशी भांडायचं तर तेही पाळीपाळीने. मी तोंड सोडायचं, थांबायचं. मग त्या बोलणार, थांबणार. मग पुन्हा मी. असल्या भांडणात काय दम राहणार, कपाळ! माझी दुसरी पाळी येईपर्यंत निम्मा राग निवलेला असतो.

पण त्यांचा तरी काय दोष? सगळा जन्म वायरलेसवर गेला. तिथे एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा कायदाच. दोघं एकदम बोलले तर नुसती घरघर ऐकू येते, कुणाचंच काही कळत नाही. वन्सं म्हणतात, घरातही तसंच असतं, फक्त घरात लोकांना घरघर ऐकू येत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमच्या हॉस्पिटलच्या पाच गाड्या आहेत. डायलिसिसचे पेशंट घरून आणायचे आणि परत सोडायचे, हे त्यांचं काम. त्या गाड्यांशी वायरलेसवर बोलणारी ऑपरेटर म्हणजे वन्सं. ड्रायव्हर मंडळी त्यांना टॉवरताई म्हणतात. कंट्रोल रूम तिसऱ्या मजल्यावर, आणि मी तळघरातल्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. सुटी झाली की मी वर जाते, त्यांचं टेबल आवरेपर्यंत खिडकीत बसते, आणि मग आम्ही दोघी बरोबर घरी चालत येतो. आमची घरं एकाच जिन्यावर, समोरासमोर. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "स्थळं तोलत बसले, तेवढ्यात दुकान बंद झालं."

त्यांची ती खोली बघण्यासारखी. टेबलावर दोन स्पीकर, एकावर निळी चिंधी बांधलेली, एकावर लाल. निळा म्हणजे एक नंबरचा टॉवर, खिंडीच्या अलीकडचा. लाल म्हणजे दोन नंबरचा, खिंडीच्या पलीकडचा. खुर्चीच्या पाठीवर बारा महिने स्वेटर, कारण पंखा यंत्रांसाठी सतत चालू ठेवावा लागतो आणि वन्संचे खांदे दुखतात. नुसतं बटण दाबण्याच्या पद्धतीवरून त्या सांगतात, कुठल्या ड्रायव्हरचं आज घरी वाजलंय. "तीन नंबर, जेवून घे आधी, मग बोल माझ्याशी," असं म्हणतात, आणि तो बिचारा खरंच उपाशी असतो.

आता ते टॉवरचं प्रकरण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टॉवरचं काम एवढंच, की गाडीतून आलेला आवाज उचलायचा आणि जोर लावून पुढे फेकायचा. पण एक नंबरचा टॉवर खिंडीपलीकडे पोचत नाही, आणि तिकडे मोबाईलही मरून पडतो. म्हणून गाडी खिंड उतरायला लागली की ड्रायव्हरने गाडीतल्या वायरलेस सेटचं बटण एकवरून दोनवर फिरवायचं. परत येताना दोनवरून एकवर. संपलं. लहान मूल करेल.

माझा नवरा करत नाही.

आमचे हे गाडी चार चालवतात, आणि ती पलीकडच्या खोऱ्यात जाणारी सगळ्यांत लांबची फेरी. गाडी अशी चालवतात की मागच्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळत नाही, हे मी बायको असून सांगते. पण बटण? नाव काढू नका. डायलिसिस करून निघालेली माणसं पार गळून गेलेली असतात. खिंड चढताना त्यांना हसवायचं, असं यांनी स्वतःच स्वतःला काम लावून घेतलंय. नकला काय, कोडी काय, डॉक्टरांच्या चालण्याची टवाळी काय. मागे बसणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, त्यांच्याशी तर यांची दर फेरीला जुगलबंदी. त्या नादात खिंड कधी आली आणि कधी गेली, यांना पत्ता नसतो. मी बोलले की उलट मलाच, "तू त्यांचे चेहरे बघ एकदा, आणि मग मला बटणाचं सांग."

मग इतकी वर्षं चाललं कसं? वन्संमुळे.

खिंड उतरल्यावर एक दगडखाणीचं वळण आहे. तिथे डोंगर एवढा खणलाय की त्या फटीतून एक नंबरचा टॉवर जेमतेम दिसतो. त्या वळणापुरता, बस्स. पुढे गेलात की गेलात. वन्संना गाडी चार त्या वळणावर कधी येणार ते अचूक कळायचं. हे गेटमधून कसे निघाले, मागे कोण बसलंय, कुणाला घाटात मळमळतं म्हणून हळू घ्यावं लागणार, सगळं त्या धरून चालायच्या. दूध उतू जायच्या आधी आपण बरोबर ओट्याशी जातो ना, तसं. बरोबर त्या क्षणी निळ्या स्पीकरवरून, "गाडी चार, दोन कर रे." आणि हे, "केलं ताई." तेव्हा कुठे हात पुढे जायचा बटणाकडे. म्हणजे "केलं" म्हणताना केलेलं नसायचंच. मग दोन नंबरवरून त्या पुन्हा विचारायच्या, "आलास?" "आलो, आलो." परतीला तेच, उलट्या बाजूने.

दोन वर्षांपूर्वी वन्संना तापाने गाठलं आणि खुर्चीवर ऑफिसमधला एक बदली माणूस बसला. त्याला काय ठाऊक वळण आणि बिळण! गाडी चार दुपारभर गायब. पलीकडच्या गावात एका बाईला अचानक दम लागला होता, तिला घेऊन या म्हणून हाका मारमारून त्याचा घसा बसला, आणि हे तिच्याच गावावरून मजेत शीळ घालत परत आले. बाई वाचली, दुसऱ्या कुणाच्या जीपमधून आली. यांना तंबी मिळाली, पुन्हा झालं तर गाडी काढून घेऊ. त्या रात्री हे जेवले नाहीत. पुढे आठवडाभर बटणावर हात ठेवून गाडी चालवली. वन्सं बऱ्या होऊन आल्या, आणि यांचे पहिले पाढे पंचावन्न.

असं सगळं झाकून चाललेलं असताना वन्संच्या निवृत्तीचा महिना जवळ आला, आणि नेमकं तेव्हाच जुने सेट बदलायचं निघालं. टॉवर तेच राहणार होते, फक्त गाड्यांमधले सेट नवे.

त्या दिवशी मी खिडकीतच होते. वायरलेसचा व्यापारी दोन नमुने घेऊन आला होता, सज्जन माणूस, बोलताना सारखा रुमाल चाचपायचा. टेबलावर एक आपल्या जुन्यासारखाच साधा सेट, हाताने बटण फिरवायचा. आणि दुसरा आपोआप टॉवर बदलणारा.

"हा सगळे टॉवर ऐकत राहतो," तो म्हणाला, "आणि ज्याचा आवाज सगळ्यांत जोरकस, त्याला धरतो. ड्रायव्हरने काही करायचं नाही. स्वस्तातही एक मिळतो, पण तो पहिला जो आवाज कानावर येईल तिथेच थांबतो, मग तो कितीही मिणमिणता असो. तो मी आणलाच नाही. तुमच्या डोंगरात तो फसवेल."

"पहिल्या स्थळाला हो म्हणणारा," वन्सं म्हणाल्या. "आणि हा माझ्यासारखा, तोलणारा."

सगळे हसले. डॉक्टरसाहेबही हसले, हॉस्पिटलच्या ट्रस्टचे तेच प्रमुख. मग म्हणाले, "पण आपल्याला ही चैन हवी कशाला? खिंडीपलीकडे रोज जाते ती गाडी चार. इतक्या वर्षांत तो एकच दिवस सोडला तर तिचा एक निरोप चुकलेला नाही. हाताने होतंय की उत्तम! साधेच सेट घेऊ. आणि ताई, तुमच्या भावालाच सांगतो, बाकीच्या ड्रायव्हरांना जरा शिकव म्हणून."

आणि खरोखर यांना वर बोलावलं! हे आले. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. यांची मान अशी ताठ, जणू बटणाचा शोध यांनीच लावला. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणून वन्संचा चेहरा मला दिसला नाही, नुसता आवाज आला.

"डॉक्टर, माझा भाऊ बटण फिरवत नाही."

डॉक्टरांनी यांच्या पाठीवरचा हात काढला.

"मी त्याला खाणीच्या वळणावर गाठते आणि सांगते, तेव्हा फिरवतो. रोज. जाताना आणि येताना. तुम्हाला चुकलेला निरोप दिसत नाही, कारण मी चुकू देत नाही. मी पुढच्या महिन्यात जाणार. साधे सेट घेतलेत तर तो पहिल्याच आठवड्यात हरवेल, आणि त्या दिवशी कुणाच्या दारात कोण दम लागून पडलेलं असेल ते मला माहीत नाही."

"ताई!" हे एवढंच म्हणाले. मान गेली खाली.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. चिडणारच की हो! त्यांच्या पेशंटांचा प्रश्न. ते वन्संना बोलले, यांना बोलले, आणि शेवटी निकाल दिला. ताई आहेत तोवर गाडी चार याच्याकडे. पुढे, या आपोआप सेटने खिंडीपलीकडे काम करून दाखवलं तर राहील. नाही तर पार्किंगच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, गाड्या आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या.

फाटकावर! या माणसाला? चार लोकांना हसवल्याशिवाय याला घास उतरत नाही. फाटकावर बसवला असता तर वर्षात म्हातारा झाला असता, हे मला लख्ख दिसत होतं.

घरी जाताना रस्त्यात मी फुटले. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलात, वन्सं! चार माणसांत! आधी घरी बोलायचं होतं!"

मी थांबले. त्यांची पाळी.

"घरी बोलले असते तर तो म्हणाला असता, उद्यापासून फिरवतो. गेली कित्येक वर्षं तो उद्यापासूनच फिरवतोय."

थांबल्या. माझी पाळी. आणि मेलं ते खरं होतं. "तरीपण," मी म्हटलं. रागाचा शेवट असा "तरीपण"वर झाला.

हे बहिणीशी बोलेनासे झाले. वायरलेसवर बोलावंच लागे, पण तेही "गाडी चार, निघालो" एवढंच, सरकारी. बहिणीला दाखवून देतो म्हणून दोन दिवस स्वतःच्या हाताने बटण फिरवलं, वळण यायच्या आधीच! वन्सं हाक मारायच्या तर निळ्यावर कुणी नाही, हे लालवर पोचलेले. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी कसलंसं कोडं घातलं, आणि झालं. निळ्या स्पीकरवर वन्संनी हाक मारली, "गाडी चार, दोन कर." शेवटचा 'रे' गाळून. हे म्हणाले, "केलं." त्यातली 'ताई' गाळून. इतकं कोरडं बोलणं मी त्या घरातल्या कुणाचं कधी ऐकलं नव्हतं.

चाचणीचा दिवस आला. नवा सेट गाडी चारमध्ये बसवला. व्यापारी यांच्या शेजारी बसला, पेशंट नव्हते. वर डॉक्टर उभे. मी इस्त्री दुसरीच्या गळ्यात मारून वर पळाले. डॉक्टरांनी वन्संना बजावलं, "आज तुम्ही काही सांगायचं नाही, ताई."

"एक शब्द नाही," वन्सं म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. बाकीच्या गाड्याही उभ्या होत्या, म्हणजे कुणाच्या बोलण्याचा अडथळा नको.

गाडी खिंड चढली असेल, उतरली असेल. वळणाची वेळ आली ते मला वन्संच्या खांद्यांवरून कळलं. ओठ हलले, आवाज काढला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वळण बिनहाकेचं गेलं. आता पलीकडे पोचले की हे लाल स्पीकरवर बोलणार, असं ठरलं होतं.

लाल स्पीकर गप्प. आम्ही बघतोय, तो गप्प. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. माझ्या मनात आलं, गेलं सगळं, आता फाटक आणि खुर्ची. वन्सं तशाच बसल्या होत्या, हात मांडीखाली, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. पुसायचं तर हात काढावे लागतील, म्हणून पुसतही नव्हत्या.

खूप वेळाने निळा स्पीकर खरखरला. हे परत वळणावर आले होते. "ताई? अगं ताई, कुणीच ऐकत नाहीये का? मी तिकडे बोलबोलून दमलो!"

व्यापारी वर आला तो रुमालाने कपाळ पुसतच. म्हणाला, "चूक माझी आहे. मी हे सेट आजवर टॅक्सीवाल्यांना दिले. तिथे टॉवरवर दिवसभर कुणी ना कुणी बडबडत असतं. तुमच्या टॉवरवर आज चिडीचूप. कुणी बोलत नसलं की टॉवरही बंद असतो, त्यातून काहीच निघत नाही. सेट ऐकून तोलतो. ऐकायलाच काही नसेल तर तो तोलणार काय? जिथे होता तिथेच बसून राहिला. एक नंबरवर."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात वन्सं हसायला लागल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग मोठ्यांदा.

"अहो, म्हणजे हा डिट्टो आमचाच! हाक मारल्याशिवाय हलत नाही!"

जिन्यातून हे वर येत होते, त्यांनी ते ऐकलं. दारातच उभे राहिले. हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण छे, फुटलंच. "ताई, तू पण ना," म्हणाले. संपलं भांडण. मी उगाच इतके दिवस दोन घरांत भाजीच्या वाट्या घेऊन मध्यस्थी करत होते.

दुपारी पुन्हा गाडी सोडली. या वेळी डॉक्टर स्वतःच म्हणाले, "बोला ताई. काय वाटेल ते बोला, दोन्ही टॉवरवर." मग काय! वन्संनी दोन्ही बटणं दाबली आणि सुटल्या. "गाडी चार, केस काप, झिपऱ्या झाल्यात. गाडी चार, बायकोने साबण आणायला सांगितलाय, विसरू नकोस. गाडी चार, लहानपणी माझी दौत तूच फोडलीस, मला माहीत आहे." मध्ये थांबायच्या, पुन्हा सुरू. खिंड गेली, वळण गेलं, आणि लाल स्पीकरमधून खणखणीत, जणू दाराआडून, "दौत मांजराने पाडली होती!"

फिरवायच्या बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं, हेच घ्या. प्रश्न एकच उरला, ताईंनंतर दिवसभर बडबडणार कोण? व्यापारी म्हणाला, माणूस लागत नाही. दोन्ही टॉवरवर एक छोटी पेटी बसवू. ती थोड्या थोड्या वेळाने टॉवर क्षणभर चालू करील, सेटमध्ये नुसतं 'खट्' ऐकू येईल. तेवढ्यावर सेटला कळतं, कोण जवळ, कोण लांब.

"एवढंच?" वन्सं म्हणाल्या. "एका 'खट्'वर भागतं?"

"भागतं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टेबलावरचा पेला उगाच पुसत बसल्या.

त्या निवृत्त झाल्या. गाडी चार यांच्याकडेच राहिली, आणि एकदाही हरवली नाही. वन्सं आता घरी असतात. मी विचारलं नाही आणि त्या बोलल्या नाहीत, पण दुपारी वळणाच्या वेळेला त्या बोलता बोलता अडतात, हे मी सुटीच्या दिवशी पाहिलंय. आणि आमचे हे तर त्या सेटबद्दल अवाक्षर काढत नाहीत. घरी येतात, जेवतात, झोपतात. मला वाटायचं, पुरुषाची जात, काम झालं की विसरले.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या दवाखान्यात चादरींचे गठ्ठे पोचवायचे होते, म्हणून मी गाडी चारमध्ये यांच्या शेजारी बसले. मागे मास्तरीणबाई आणि आणखी दोघं. खिंड चढेपर्यंत यांची डॉक्टरांच्या चालीची नक्कल झाली. सगळी हसत होती. उतार लागला, खाणीचं वळण आलं. सेटमध्ये बारीकसं 'खट्' झालं.

यांनी बोलणं तोडलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. बोलायचं बटण दाबलं नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, "हो, केलं ताई."

आणि नक्कल पुढे सुरू.

मी मागे वळून बघितलं. मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दर वेळी म्हणतो."

पुढच्या कोड्याला मला हसताच येईना.

संध्याकाळी मी आधी माझं दार उघडलंच नाही, समोरचं वाजवलं. वन्सं शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझं होऊन मी थांबले, तरी त्या थांबलेल्याच.

"केलं म्हणाला?" शेवटी विचारलं.

"म्हणाले."

"आणि केलं होतं?"

"वन्सं, आता करायचं काय असतं? ते आपोआप होतं."

"म्हणजे मेला अजून खोटंच बोलतोय," त्या म्हणाल्या, आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. मग पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. "बरं झालं, सांगितलंस. मला वाटलं होतं, विसरला."